आईला रडू का आलं नाही

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. आई दाराशीच खिळली. पावलं जमिनीला चिकटलेली, चेहरा कोरा. एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं बाबा तिला धरून उभे होतो.

व्यासपीठावरून महाराज गरजले, "पाहा! हिला आतून कुणीतरी धरून ठेवलंय!"

एका शिष्यानं मंतरलेली पांढरी पूड आणली आणि आईपासून व्यासपीठापर्यंत पावलापावलावर आडव्या रेघा ओढल्या.

"एकेक बंधन तोडत ये, माते!"

आईनं खाली पाहिलं. पाय उचलून पहिली रेघ ओलांडली, मग दुसरी, मग ती चालतच सुटली. लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. बाबांच्या डोळ्यांना धार लागली. आईच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं.

आई बालवाडीत शिकवायची. गोष्ट सांगताना वाघ, ससा, म्हातारी, सगळे तिच्या चेहऱ्यावर हजर व्हायचे. मग हात थरथरू लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू चेहरा थिजला. पुढे मामा वारला, तिचा पाठचा भाऊ, तेव्हा ती त्याच्या उशाशी नुसती बसून राहिली. डोळ्यांत टिपूस नाही.

"सख्खा भाऊ गेला अन् ही दगड? ही आपली ताई नव्हेच," मावशी म्हणाली. महाराजांचं नाव तिनंच काढलं.

त्या सभेतून निघताना महाराजांनी बजावलं, "गोळ्या बंद. गोळ्यांनी आत्मा झोपतो."

मी घरी येऊन भांडले. "तुझ्या डोळ्यांदेखत चालली ना?" बाबा एवढंच म्हणाले. गोळ्यांची पाकिटं त्यांनी कपाटात टाकून दिली.

थोड्याच दिवसांत आईला कूस बदलता येईना. घास घशात अडकू लागला. एका सकाळी न्हाणीघराच्या दारात ती खिळली आणि तशीच कोसळली. मनगट मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. "पण ती खरंच चालली होती हो," बाबा पुटपुटले.

"चालणारच." बाईंनी साधी रंगीत चिकटपट्टी घेतली आणि फरशीवर आडव्या पट्ट्या लावल्या. दाराशी अडलेली आई पट्ट्या ओलांडत चालू लागली.

"आपण न ठरवता चालतो, ते काम मेंदूच्या खोल भागाचं. तिथं डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की पाऊल अडतं. समोर रेघ दिसली, की मेंदू डोळ्यांच्या आडवाटेनं पाय उचलून घेतो. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना हे जमतं. त्यात मंत्र कुठून आला?"

"आणि रडणं?" मी विचारलं.

"चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, त्यामुळे आतलं बाहेर दिसत नाही. शिवाय भावना आणि उमेद सांभाळणाऱ्या भागांपर्यंतही हा आजार पोचतो. कधी कधी आतही सगळं बधिर होतं."

तेव्हा आई बोलली. आवाज बारीक, सपाट. "तो गेला, ते कळत होतं मला. रडू येईल म्हणून वाट बघत बसले. आलंच नाही. वाटलं, मीच वाईट."

घरी जाताना बाबांनी तशीच चिकटपट्टी विकत घेतली.

पुढच्या सभेला त्यांनीच आम्हाला नेलं. आईचा हात प्लास्टरमध्ये होता. गोळ्या सुरू होत्या, तरी गर्दीत ती पुन्हा दाराशी अडली. शिष्य पूड घेऊन धावला, तोच बाबांनी त्याला अडवलं.

"आज रेघा नकोत, महाराज. नुसत्या शक्तीनं बोलवा."

महाराजांनी बोलावलं. पुन्हा बोलावलं. आई जागची हलली नाही.

"श्रद्धा आटली की शक्ती आटते!" महाराज म्हणाले. माना डोलल्या.

बाबांनी खिशातून चिकटपट्टी काढली, गुडघ्यांवर बसून पट्ट्या लावल्या. "श्रद्धा तर मी घरीच ठेवून आलोय," ते म्हणाले, आणि आई चालू लागली.

काही जण हसले. काही उठून गेले. बरेच बसूनच राहिले. मावशी मात्र आमच्या मागोमाग बाहेर आली आणि आईचा मोकळा हात धरून चालू लागली.

चमत्कार दिसला तर टाळी वाजवण्याआधी तो कशानं घडला, ते विचारा. गोळी बंद करायला सांगणाऱ्याला दोनदा विचारा. आणि ज्याला रडू येत नाही, त्याला दगड म्हणण्याआधी, त्याच्याजवळ बसून, त्यालाच विचारा.