वाचले असे समजावे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. तोंडाला लावून बोलायचा असतो तसा. मला बॅटरी नाही, वायर नाही आणि, आधीच सांगून टाकलेले बरे, स्वतःचा आवाजही नाही. अरुंद बाजूने जे आत येते तेच रुंद बाजूने मोठे होऊन बाहेर पडते. पण ओरडण्याआधी माणूस श्वास घेतो, घसा साफ करतो, कधी काहीतरी पुटपुटतो. ते समोरच्या गर्दीला ऐकू जात नाही, मला जाते. त्यामुळे माणसे मला इतरांपेक्षा थोडी अधिक कळतात अशी माझी समजूत होती. बरीच वर्षे मी त्या तोऱ्यात काढली.

माझा जन्म बिजागऱ्यांच्या कारखान्यातला. दारांच्या, खिडक्यांच्या, कपाटांच्या बिजागऱ्या तिथे प्रेसवर ठोकून निघत. पत्रेकाका नावाचा एक कारागीर होता. त्याने वाया गेलेल्या पत्र्यातून तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मला घडवले. तोंडाकडची कड त्याने दोनदा दुमडून घासली. शेजारचा हसला, "काका, कर्णाच आहे, दागिना नाही." काका म्हणाला, "ओठ कापायला नकोत कुणाचे." मग त्याने मला तोंडाला लावले आणि साऱ्या शेडला दणदणीत आवाजात विचारले, "माझा चष्मा कुणी पाहिलाय का?" चष्मा त्याच्या कपाळावर होता. मित्रांनो, माझे पहिले जाहीर भाषण ते.

काकाने मला कामगार परिषदेला देऊन टाकले. गावातल्या सात संघटनांची मिळून ती एक परिषद होती. बिजागरीवाले, बसचालक, परिचारिका, शिक्षक, सफाई कामगार, शिवणकामवाल्या आणि छापखान्यातले लोक. सायकलच्या दुकानावर एक खोली होती. तिथे लांब टेबल, लंगड्या पायाखाली घडी घालून सारलेली जुनी पत्रके आणि एक लोखंडी कपाट. दर महिन्याला बैठक भरे. मला लाल रंग दिला गेला आणि मी कामाला लागलो.

ती वर्षे चांगली गेली. रुग्णालयाच्या फाटकावर मी परिचारिकांसाठी ओरडलो आणि त्यांना रात्रपाळीत पाठ टेकायला खोली मिळाली. बस डेपोत बायकांसाठी स्वच्छतागृह हवे, ही मागणी मी अकरा वेळा केली. अकराव्या वेळी साहेब स्वतः खाली आले आणि म्हणाले, "बांधतो, पण तो कर्णा आधी आवरा." मोर्चात लोक मला हातोहात पुढे पाठवत. मला फार कौतुक वाटे माझे.

परिषदेचे अध्यक्ष निवृत्त बसचालक होते. माणूस सोन्यासारखा, पण आवाज अगदी बारीक. त्यामुळे ते त्या एवढ्याशा खोलीतसुद्धा मला वापरत. पहिल्या बाकावरचे लोक कानात बोटे घालून बसत. अध्यक्षांना लांबलचक वाचनाचा कंटाळा होता. सात संघटना, प्रत्येकीचे अहवाल, बाहेरून आलेली पत्रे. सगळे वाचत बसले तर मुक्कामच पडायचा. म्हणून परिषदेत एक पद्धत पडली होती. कागद टेबलावर ठेवायचा आणि अध्यक्षांनी म्हणायचे, "वाचले असे समजावे." सगळ्यांनी माना डोलावल्या की विषय पुढे सरकला. हे शब्द मी किती वेळा मोठे केले असतील, त्याची गणती नाही.

एके दिवशी समुद्रापलीकडून एक पत्र आले. तिथेही बिजागऱ्यांचाच कारखाना होता आणि तिथले कामगार संपावर होते. मागणी एकच. प्रेसला जाळी बसवा, म्हणजे हात आत गेला तर प्रेस खाली येणार नाही. पत्र चार पानी होते. त्या लोकांनी ते कुणाकडून तरी मुद्दाम आमच्या भाषेत लिहून घेतले होते. अध्यक्षांनी पहिल्या पानावर नजर टाकली. तेवढ्यात चहा आला. विषय सहावा होता आणि अजून पाच बाकी होते.

"परदेशी बंधूंचे पत्र," अध्यक्ष माझ्यातून म्हणाले. "संपाला पाठिंबा मागताहेत. वाचले असे समजावे. ठराव, आपला एकमुखी पाठिंबा. हात वर."

सगळे हात वर झाले. मी शेवटच्या बाकाकडे तोंड करून होतो. तिथल्या एका हाताची बोटे निळी होती. ती आमच्या आकडेताईची. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात ती पेट्यांवर निळ्या शाईने कारखान्याचा आकडा मारायची, म्हणून ते नाव. आमचा आकडा सात. त्याच महिन्यात कारखान्यात जादा पाळ्या सुरू झाल्या. लोक खूश होते. मुकादमाने ताईच्या हातात नवा साचा दिला, त्यावर बारा आकडा कोरलेला होता. तिने विचारले, "आपला सात ना हो?" तो म्हणाला, "वरून आलंय. तू मार." तिने मारला. हे सारे तिनेच पुढे सांगितले, म्हणून मला ठाऊक.

आमचा ठराव शिक्का मारून रवाना झाला. दोन महिन्यांनी कळले की तिकडचा संप मोडला. बैठकीत सगळ्यांनी उभे राहून खेद व्यक्त केला. मीही टेबलावर उभाच होतो, आणि मला खरोखर वाईट वाटले. पण का मोडला असेल, हे मी मनातसुद्धा विचारले नाही.

तीन वर्षे गेली. पत्रेकाका वारला. आकडेताई परिषदेची चिटणीस झाली. तिचा धाकटा भाऊ आमच्याच कारखान्यात चार नंबरच्या प्रेसवर होता. मोठा थट्टेखोर. मला डोक्यावर टोपीसारखा घालून नाचायचा. एका सकाळी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे त्या प्रेसखाली गेली. प्रेसला जाळी नव्हती. दहा जणांनी साहेबांकडे जाऊन जाळी मागितली. साहेबांनी त्या दहांना काढले आणि भावालाही काढले. त्याच्या कागदावर कारण लिहिले, निष्काळजीपणा.

संप सुरू झाला. सहा आठवडे मी रोज सकाळी फाटकावर होतो. "जाळी बसवा! अकरा जणांना परत घ्या!" लोक एकजुटीने उभे होते. ताईच्या ओठांचा दाब मला ओळखीचा झाला. पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा एकच हिशेब होता. माल निघाला नाही की मालक चर्चेला बसणारच. पण मालक बसेना. त्याला काही घाईच दिसेना.

सातव्या आठवड्यात समुद्रापलीकडून पाकीट आले. त्याच कामगारांचे; आमच्या संपाची बातमी आम्ही त्यांना कळवली होती. आमच्या संपाला त्यांचा एकमुखी पाठिंबा, आणि सोबत त्यांच्या सभेचा एक फोटो. दीडशे माणसे हात वर करून उभी होती, हसत होती. अध्यक्षांचे डोळे भरून आले. फोटो भिंतीवर लावायचा म्हणून ते टाचणी आणायला खाली दुकानात गेले.

ताईने फोटो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. त्या माणसांच्या मागे पेट्या रचल्या होत्या, छतापर्यंत. प्रत्येक पेटीवर ठळक आकडा होता, सात.

"हा आपला आकडा," ती म्हणाली. "आपला माल ते करताहेत. आणि सात म्हणजे आपण, हे त्यांना ठाऊक पण नाही."

मग तिला बारा आठवला. दुपारची वेळ होती. खोलीत ती, परिचारिकांची प्रतिनिधी असलेली एक मावशी आणि मी, एवढेच होतो. ताईने कपाट उघडून तीन वर्षांपूर्वीचे पत्र काढले आणि पहिल्यांदाच मोठ्याने वाचले. तिसऱ्या पानावर असे होते: 'आम्ही कारखाना नंबर बारा. आमचे मालक पुष्कळ देशांत कारखाने ठेवतात. आमचा माल दुसऱ्या जागी करून घेतील अशी भीती आहे. तुमच्याकडे पेटीवर बारा मारायला सांगितले तर कृपा करून मारू नका, आणि आम्हाला कळवा.'

"मी मारला," ताई म्हणाली. "महिनाभर मारला. रोज."

मावशी म्हणाली, "अगं, तुला काय ठाऊक होतं?"

"पत्र इथंच होतं ना, मावशी. ह्या कपाटात."

मित्रांनो, माझ्याकडे कुणी पाहिले नाही. पण ते पत्र मिटवणारे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले होते. कर्ण्याला लाज वाटत नाही असे कुणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

दुसऱ्याच दिवशी तातडीची बैठक झाली. ताईने पत्राचा मसुदा आणला होता. पहिल्या परिच्छेदात कबुली होती की तीन वर्षांपूर्वी बारा आकड्याच्या पेट्या आम्ही भरल्या. दुसऱ्यात विनंती, की सात आकड्याच्या पेट्या तुम्ही भरू नका.

अध्यक्षांनी मला बाजूला ठेवले. त्या दिवशी ते स्वतःच्या बारीक आवाजात बोलले. "ताई, दुसरा राहू दे. पहिला काढ."

"का काढू?"

"चिडतील ना गं ते. म्हणतील, आमचं घर बुडवलंत आणि आता आमच्याकडेच मागता? मग कोण थांबवेल काम? आधी संप जिंकू. तुझ्या भावाला आत घेऊ. मग सावकाश लिहू सगळं."

"मग नाही लिहिणार आपण. मला ठाऊक आहे."

"अगं, मी शब्द देतो."

मावशी ताईच्या बाजूने बोलली. बाकीचे खाली बघत राहिले. कुणी वाईट नव्हते हो त्यांच्यात. सगळ्यांना भावाचा हात दिसत होता. मतदान झाले, नऊ विरुद्ध दोन. पहिला परिच्छेद गेला. त्या नऊ जणांत, काढलेल्या अकरांच्या वतीने आलेला ताईचा भाऊही होता. त्याने डावा हात वर केला. ताईने त्याच्याकडे पाहिले आणि पत्र पुन्हा लिहून काढले.

पत्र गेले. उत्तराची वाट पाहण्यात दोन आठवडे गेले. तेवढ्यात बाजारात सात आकड्याच्या पेट्या येऊन थडकल्या. दुकानदारांची कपाटे भरली. मालकाने फाटकावर कागद डकवला. सोमवारपर्यंत कामावर या, नाहीतर नवी माणसे घेऊ. अकरा जणांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. जाळीबद्दलही नव्हते. लोकांचा धीर सुटला. आधी चार जण आत गेले, मग चाळीस.

रविवारी सकाळी ताई मला घेऊन फाटकावर आली. समोर जेमतेम शंभर माणसे होती. तिने मला तोंडाला लावले. बराच वेळ नुसता श्वास येत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "आई गं." ते फक्त मी ऐकले. नंतर तिने घसा साफ केला आणि संप मागे घेतल्याचे जाहीर केले. कुणी घोषणा दिली नाही. एका बाईने रडत रडत ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती घरी गेली.

चार नंबरच्या प्रेसवर दुसरा माणूस बसला. जाळी अजूनही नाही. भाऊ आता सायकलच्या दुकानात डाव्या हाताने पंक्चर काढतो. थट्टा करत नाही. अध्यक्षांनी शब्द दिला होता, पण संप हरल्यावर त्यांना ताईसमोर बसवेना. त्यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला.

आणि मग उत्तर आले. ताईने ते त्याच टेबलाशी बसून वाचले, एकटीने, मोठ्याने. कुणासाठी वाचले कोण जाणे. ऐकणारा मीच होतो.

'प्रिय ताई, तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी सभेत पूर्ण वाचले, दोनदा वाचले. त्याच पाळीला आम्ही सातच्या पेट्या भरणे बंद केले. आमच्या सहा जणांना त्यासाठी काढले आहे, पण त्याची काळजी करू नका. वाईट हे की माल आधीच जहाजावर चढला होता. आम्हाला फार शरम वाटते. तुमचे नुकसान आमच्या हातांनी झाले. क्षमा करा. आता एक विचारायचे आहे. आमच्या संपाच्या वेळी आम्ही नऊ ठिकाणी पत्रे पाठवली होती. उत्तर एकट्या तुमच्याकडून आले. तो ठराव आम्ही काचेत घालून भिंतीवर लावला आहे. आठ ठिकाणांपैकी कुणी आमच्या पेट्या भरल्या ते आम्हाला कधीच कळले नाही. तुम्हाला कुठून कळले असेल तर सांगाल का? राग म्हणून नाही. आमच्यातले पुष्कळ जण आता निवृत्तीला आले. फक्त माहीत असावे असे वाटते.'

ताईने पत्र घडी करून पाकिटात घातले. कोरा कागद पुढे ओढला, तारीख लिहिली, 'प्रिय बंधूंनो' लिहिले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती तशीच बसून होती. मग तिने तो कागद फाडला, पाकीट कपाटात माझ्या शेजारी ठेवले आणि दार लावले. त्यानंतर ती परिषदेत आली नाही.

या गोष्टीलाही आता बरीच वर्षे झाली. बैठका भरत नाहीत. खोलीत सायकलचे जुने टायर रचलेले आहेत. माझा रंग उडाला आहे आणि पत्र्याला भोके पडली आहेत. मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी म्हणायचे असते की आम्हाला जपा, आमची निगा राखा. मला तसे काही नको. मी गंजणार, ते ठरलेले आहे. हे कपाट कुणी उघडेल असेही मला वाटत नाही. पण चुकून तुमच्यापैकी कुणी उघडलेच, तर ते पाकीट घ्या. पत्ता सुवाच्य अक्षरात आहे. ताईला लिहवले नाही, अध्यक्षांना धीर झाला नाही, आणि मला लिहिता येत नाही. पलीकडे कुणी जिवंत असतील तर अजून त्या आठांवर संशय घेत असतील. त्यांना उत्तर लिहा. लांबलचक नको. एवढेच लिहा की ते आम्हीच होतो.