मुकं कापड

"बोललं का गं, वहिनी?" पॅकिंगच्या टेबलावरून मामांनी हाक दिली.

मीटर बारीक आवाजात वाजलं. "बोललं," वहिनी म्हणाली.

"मग सरकव इकडे. तुझं कापड बोलतंय, घरी माझी बायको बोलते, गेटावरचा ट्रकवाला तर मघापासून बोंबलतोय. या जगात मुका काय तो मी एकटा."

"तुम्ही आणि मुके!" वहिनी हसली. पण आज हसायलाही अंगातलं बळ गोळा करावं लागत होतं.

हे कापड मूळचं पिवळं. आगीत धरलं तरी जळत नाही. पण त्यातून वीजही जात नाही. गॅसच्या कारखान्यात त्याचे कपडे घालून माणूस नुसता चालला, तरी घासून घासून अंगावर वीज साठते आणि दाराच्या कडीला हात लावताच ठिणगी उडते. जिथे हवेतच गॅस, तिथे तेवढी ठिणगी पुरे. म्हणून कापडावर कार्बनचा काळा लेप द्यायचा आणि भट्टीतून सुकवून काढायचं. मग वीज साठत नाही, वाहून जाते. लेप दिलेलं सगळंच कापड दिसायला काळं. पण लेपातला कण कणाला टेकलेला नसेल, तर ते नुसतं काळंच. ते ओळखायला मीटरच्या दोन सळ्या कापडावर टेकवायच्या. वाजलं तर कापड बोललं. नाही वाजलं तर मुकं.

हे शब्द दादांचे, म्हणजे वहिनीच्या यजमानांचे. याच तपासणीच्या टेबलावर त्यांची उमर गेली. मग एका सकाळी अर्धं अंग गेलं आणि सोबत वाचाही. कारखान्याने ती जागा वहिनीला दिली, आणि दादांची बायको म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी झाली.

दादांना आता एकच विचारता येत असे. संध्याकाळी ती घरी आली, की डाव्या हाताची दोन बोटं ते गोधडीवर टेकवत, सळ्या टेकवाव्यात तशी. आणि तिच्याकडे बघत. ती म्हणायची, "बोललं हो, सगळं बोललं." मग त्यांचा चेहरा सैल पडायचा. दिवसभरात त्या घरात एवढंच काय ते बोलणं.

कालची रात्र त्यांना कुशीवर वळवण्यातच गेली होती. दुपारनंतर बोटांची पकड सुटायला लागली. रबरी हातमोज्यांत घाम साचून सळ्या निसटत होत्या, म्हणून तिने मोजे काढून ठेवले आणि सळ्या पार टोकाशी, उघड्या धातूवर चिमटीत धरल्या. कापड भराभर बोलत गेलं. मामा गठ्ठे बांधत गेले.

कपाळावर घाम आला. तो मनगटाने पुसायला वहिनीने हात उचलले. सळ्या हातातच होत्या, कापडापासून वीतभर वर.

मीटर वाजतच होतं.

ती तशीच उभी राहिली. मग हळूच एका हाताची बोटं धातूवरून मागे, सळीच्या लाकडी मुठीवर घेतली. मीटर गप्प. परत धातूवर ठेवली. वाजलं. घामेजल्या, कार्बनने माखलेल्या तिच्या हातांतूनच वीज जात होती. एका हातातून शिरून, छातीतून, दुसऱ्या हाताने बाहेर.

तिने मोजे चढवले, सळ्या लाकडी मुठींना धरल्या आणि समोरच्या कापडावर दाबल्या. मीटर गप्प. जरा पुढे टेकवल्या. गप्प. कापड काळंभोर, कुठे डाग नाही, आणि मुकं. दुपारी वीज गेली तेव्हा लेपाची ढवळणी थांबली होती. कार्बन तळाशी बसला असणार.

"काय झालं गं?" मामा जवळ आले. तिने सांगितलं. त्यांनी आधी फाटकाकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "गप बस. ट्रक भरत आलाय. घेणारे पुन्हा तपासतातच की."

"आणि नाही तपासलं तर?"

"तुझी जागा जाईल, वहिनी. दादांचं टेबल आहे हे."

वहिनीला गोधडीवरची ती दोन बोटं दिसत होती. संध्याकाळी त्यांना काय सांगायचं? तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि साहेबांच्या केबिनकडे निघाली.

साहेब वयाने तिच्या धाकट्या दिरापेक्षाही लहान. ऐकता ऐकता त्यांनी हातातला फोन उलटा ठेवला. "वहिनी, ट्रक सुटतोय."

"म्हणून तर धावत आले."

"किती गठ्ठे मुके असतील?"

"मोजे काढल्यापासूनचा एकही खात्रीचा नाही. सगळे उघडून बघायला हवेत."

साहेबांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "तुम्ही बोलला नसतात, तर मला कळलंही नसतं." मग खिडकीतून फाटकावरच्या माणसाला हात केला, थांबव म्हणून. पाठमोरेच म्हणाले, "उद्यापासून मात्र टेबलावर दुसरं कुणी बसेल. तुम्ही मामांकडे घड्या घाला. माझा इलाज नाही."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

बांधलेले गठ्ठे सोडताना मामा तिच्याशी बोलले नाहीत. तिचे हातमोजे फाटके निघाले, तेव्हा मात्र स्वतःचे काढून तिच्यापुढे टाकले. "घाल. नाहीतर परत स्वतःच बोलत बसशील."

घरी शेजारीणबाई दादांजवळ बसल्या होत्या. ती येताच उठून गेल्या. वहिनीने हातपाय धुतले. देवापुढे क्षणभर उभी राहिली. मागायचं काही सुचलं नाही, म्हणून नुसते हात जोडले. दादांच्या पोटात घास गेल्याशिवाय आपण खायचं नाही, हा तिचा नेम. पातळ केलेली पेज तिने चमच्याने भरवली, हनुवटीवरचा ओघळ पुसला.

दादांनी दोन बोटं गोधडीवर टेकवली.

"नाही हो," वहिनी म्हणाली. "आज कापड मुकंच होतं. मोजे काढले होते मी. माझेच हात बोलत होते."

त्यांना समजायला क्षणही लागला नाही. ओठाचा सरळ राहिलेला कोपरा थरथरला. डोळे तिच्यावरून हलेनात.

"मग काय करणार? मीच बोलले. साहेबांना सांगून टाकलं. टेबल गेलं आपलं."

बाहेर कुणीतरी मुलाला घरात बोलावत होतं. मग दादांची ती दोन बोटं गोधडीवरून सावकाश सरकली आणि तिच्या तळहातावर, कधीच न धुतल्या जाणाऱ्या काळ्या रेघांवर, येऊन टेकली.

वहिनीने हात हलवला नाही. घसा साफ केला आणि तोंडाने बारीक आवाज काढला, मीटरसारखा.