वन्संसाठी खोली

रिकामं बसणं निर्मला पेंडशांना जमायचंच नाही. नवरा, अच्युतराव, जाऊन अडीच वर्षं झाली होती. मुलगा सत्यजित हैदराबादला. त्याचा फोन रविवारी अकरा वाजता, 'आई, जेवलीस का' इथून निघणारा आणि 'बरं, ठेवतो' इथे पोचणारा. अकराला कोण जेवतं, पण तो तेच विचारायचा. पिपलानीच्या कंपनी क्वार्टरमध्ये होते तेव्हा भिंतीला भिंत होती, कुणाकडे काय शिजतंय ते फोडणीवरून कळायचं. निवृत्तीच्या पैशातून घेतलेल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समोरच्या दाराला कायम कुलूप असे.

मग बाई काय करणार? बाई काहीतरी करत सुटली. फोनवर व्हिडिओ बघायचे आणि कामाला लागायचं. जुन्या टॉवेलची पायपुसणी झाली, पायपुसण्यांना झालर लागली. गॅस सिलिंडरला फ्रॉक शिवला. हो, फ्रॉक! पुढे बो सुद्धा. ओव्हन आणला, मग दर गुरुवारी रव्याचा केक. चार तुकडे खालच्या चौकीदाराला, दोन स्वतःला, आणि उरलेला डब्यात राहून इतका वाळायचा की सोमवारी तो चहात बुडवावा लागे. केक उत्तम व्हायचा हो, त्याबद्दल तक्रारच नाही. उत्तम झालाय असं म्हणणारं कुणी घरात नव्हतं, एवढंच.

अशात ऑक्टोबरमध्ये वसुधाताईंचा इंदूरहून फोन आला. वसुधाताई म्हणजे अच्युतरावांची थोरली बहीण, निर्मलाची नणंद. निर्मला त्यांना लग्न झाल्यापासून 'वन्सं' म्हणते. वसुधाताईंनी लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं, आई थकल्यावर तिला इंदूरला आणून शेवटपर्यंत सांभाळलं आणि नंतर त्याच भाड्याच्या घरात एकट्या राहिल्या. आता घरमालक घर पाडणार होता.

"वन्सं, मग इकडेच या ना कायमच्या," निर्मला म्हणाली. 

 मग वसुधाताई म्हणाल्या, "आठ दिवस येऊन बघते गं. जमेलसं वाटलं तर राहीन. नाही वाटलं तर तसं तोंडावर सांगेन. चालेल?"

"चालेल म्हणजे काय, धावेल!" निर्मला म्हणाली, आणि फोन ठेवून देवापुढे जाऊन उभी राहिली. तिला काय हवंय हे देवाला सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं. या घरात दुसरं माणूस हवं. सकाळी उठल्यावर ज्याला हाक मारता येईल असं.

पंधरा दिवस होते हातात. अच्युतरावांची खोली अडगळीची झाली होती, ती तिने रिकामी केली. अशोका गार्डनच्या बाजारात जाऊन पडद्याचं कापड आणलं. दुकानदार म्हणत होता, "आंटीजी, रेडीमेड ले लो, झंझट नहीं।" तिने त्याला असं पाहिलं की बिचाऱ्याने मुकाट्याने कापडाचं थान उलगडलं. मशीनवर बसून पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, लोडाला खोळ शिवली. जुनं स्टूल घासून त्याला निळा रंग दिला. कपाटाच्या खणांत फुलाफुलांचे कागद अंथरले. वन्संचे गुडघे दुखतात म्हणून न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. कंबर मोडली, डोळे चुरचुरले, पण पंधरा दिवस ती गुणगुणत होती. कुणासाठी तरी करण्यातलं सुख तिला अडीच वर्षांनी मिळत होतं आणि ते तिला पुरत नव्हतं.

वसुधाताई आल्या. उंच, सडसडीत, अडुसष्टाव्या वर्षीही ताठ. खोली बघून दारातच थांबल्या.

"अगंबाई, निर्मला! हे सगळं तू केलंस?"

"आवडलं?"

"आवडलं म्हणजे काय, दृष्ट काढायला हवी खोलीची." त्या आत गेल्या, पडद्याची कड बोटांत धरून जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मग सोडून दिली. शिवण शिकवणाऱ्या बाईचं बोट खोटं बोलत नाही. उजव्या पडद्याची खालची दुमड अर्ध्या बोटाने तिरकी गेली होती.  निर्मलाच्या ते लक्षातही आलं नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. निर्मला लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवाळीला तिला बजावलं होतं, घरची लेक माहेरी आली की तिला कपसुद्धा उचलू द्यायचा नाही. सासरी राबतात बिचाऱ्या, माहेरी तरी पाठ टेकू दे. तेव्हा वन्सं दिवाळीला चार दिवस यायच्या आणि निर्मला त्यांना पाटावरून उठू देत नसे. त्या सासरी राबत नव्हत्या, त्यांना सासरच नव्हतं, हा भाग वेगळा. रीत म्हणजे रीत. ती चाळीस वर्षं पाळली आणि आता नेमकी मोडायची कशाला?

पहिल्या दिवशी वसुधाताईंनी जेवणानंतर ताट उचललं. "अहो, ठेवा, ठेवा!" निर्मलाने ते हातातून काढूनच घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या पाचला उठून चहा टाकायला गेल्या, तर ओट्याशी निर्मला उभी, चहा गाळून तयार. तिसऱ्या दिवशी त्या पावणेपाचला उठल्या. निर्मला साडेचारला. चौथ्या दिवशी त्यांनी नाद सोडला. भाजी निवडायला बसल्या तर निर्मला जुडी उचलून घेऊन जायची. दळण आणायला निघाल्या तर, "वन्सं, तीन जिने! तुमचे गुडघे!" वसुधाताईंच्या ब्लाउजचा हूक तुटला, तो त्यांनी न्हाणीघरात दार लावून टाचला, चोरासारखा. निर्मलाने दोरीवर वाळत घातलेला ब्लाउज पाहिला, हूक पाहिला आणि तिला वाईट वाटलं. मला सांगितलं असतं तर मी लावून नसता का दिला, असं तिला वाटलं.

आणि खायला तर काय! गुरुवारचा केक रोज होऊ लागला. एक दिवस रव्याचा, एक दिवस केळ्याचा. मधे नानकटाई. वसुधाताई मनापासून "छान झालाय" म्हणायच्या. मग खिडकीपाशी निळ्या स्टुलावर बसून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटर बघत राहायच्या. एकदा निर्मलाने दारातून पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती. अंगठा आणि तर्जनी, जणू सुईत दोरा ओवतायत. किती निवांत झाल्यात वन्सं, निर्मला मनात म्हणाली. आणि खूश झाली. काय म्हणावं या बाईला!

सातव्या दिवशी दुपारी ती भाजी घेऊन लवकर परतली. खोलीत वसुधाताई जमिनीवर बसलेल्या. उजवा पडदा दांडीवरून काढून मांडीवर घेतलेला, दुमड उसवलेली, तोंडात दोऱ्याचं टोक. नाकावर चष्मा. त्या कसलंसं गाणं म्हणत होत्या. निर्मलाने सात दिवसांत त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"वन्सं! हे काय?"

वसुधाताई दचकल्या. "अगं, थोडी तिरकी गेली होती. म्हटलं सरळ करून टाकते. दहा मिनिटांचं काम."

निर्मलाला ते झोंबलं. पंधरा दिवस खपून शिवलेला पडदा आणि तो तिरका! पण राग कसा दाखवणार? तिने खाली वाकून पडदा ओढून घेतला. हसत, अगदी गोड हसत. "राहू द्या हो. मी करते रात्री. तुम्ही काय कामाला आलात का इथे?"

"मग कशाला आले गं?" वसुधाताईंनी विचारलं.

"आराम करायला!"

वसुधाताईंनी चष्मा काढला, मिटला, डबीत ठेवला. दोऱ्याचा तुकडा अजून बोटाला गुंडाळलेला होता, तो त्यांनी सोडवला. "बरं," त्या म्हणाल्या. निर्मलाने संध्याकाळीच दुमड घातली. या वेळी ती सरळ आली की नाही हे बघायला तिचं मन झालं नाही.

आठव्या दिवशी सकाळी वसुधाताईंची बॅग भरून दाराशी होती.

निर्मला चहाचे दोन कप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "तुम्ही... आज?"

"बस जरा," वसुधाताई म्हणाल्या. "तोंडावर सांगेन म्हटलं होतं ना? दुपारी दोनची इंदूरची बस आहे."

"माझं काही चुकलं का? पडद्यावरून बोलले त्याचा राग आला का? वन्सं, मी पाया पडते..."

"वेडी आहेस का? बस आधी." त्यांनी तिच्या हातातले कप घेतले आणि खाली ठेवले. आठ दिवसांत त्यांनी या घरात उचललेली ती पहिली कपबशी असेल. "ऐक. इंदूरजवळ राऊच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे. इथे यायच्या आधी मी तो बघून आले होते. खोली लहान आहे. पडदे तर असे मळके आहेत की विचारू नकोस. तिथली बाई मला म्हणाली, ताई, तुम्ही शिवण शिकवत होतात ना, आमच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्याल का? कुणाला सुईत दोरा ओवता येत नाही आता." वसुधाताई थांबल्या.  "निर्मला, मला तिथे तिच्या खुर्चीवर बसून रडू आलं. किती वर्षांनी कुणी मला काही करून मागितलं होतं."

निर्मला आता कुठे खाली बसली.

"तरी मी म्हटलं, आधी अच्युतच्या घरी जाऊन बघू. आपलं माणूस ते आपलं माणूस. तू माझं काय कमी केलंस? राणीसारखं ठेवलंस. पण मी राणी नाहीये गं. मला या घरात काही करायला ठेवलं नाहीस तू. पाहुणी म्हणून माणूस आठ दिवस राहतं. मरेपर्यंत कसं राहणार?"

"मला वाटलं..." निर्मलाने पदराने नाक पुसलं. मग ती बोलली, आणि बोलली ती रडतच. "मला कुणाचं तरी करायचं होतं हो! अडीच वर्षं मी कुणासाठी काही केलं नाहीये. सिलिंडरला फ्रॉक शिवते मी, वन्सं, सिलिंडरला! तुम्ही येणार म्हटल्यावर मला वाटलं आता सकाळी उठायला कारण मिळालं. तुम्ही भाजी निवडलीत तर मी काय करू?"

वसुधाताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.  चहावर साय धरली.

"मग असं करू," निर्मला डोळे पुसत म्हणाली. "उद्यापासून सगळं तुम्ही करा. स्वयंपाक, शिवण, सगळं. मी हात लावणार नाही. शप्पथ."

"आणि तू काय करशील?"

निर्मलाने घरभर नजर फिरवली.  दोन खोल्या, एक ओटा, एक मशीन, दोन बायकांची चार भांडी. वाटून घेतलं तर दोघींनाही सकाळी नऊनंतर खिडकीतून स्कूटर मोजत बसावं लागलं असतं. तिला ते लख्ख दिसलं आणि वसुधाताईंना ते आधीच दिसलं होतं.

"बघ," वसुधाताई हळूच म्हणाल्या. "आपण दोघी एकसारख्याच आहोत. तोच घोळ झाला."

निर्मलाला हसू आलं, रडता रडता. वसुधाताईही हसल्या. हसून झाल्यावर घर आणखीच शांत वाटलं.

दुपारी जेवायच्या आधी वसुधाताईंनी कांदा चिरला. निर्मला ओट्याला टेकून नुसती बघत होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून, कारण समोर ठेवले असते तर ते सुरीकडे गेले असते. वन्संचा कांदा फारच जाड चिरला जात होता. तिने ओठ दाबून धरले. मग दोघी जेवायला बसल्या. "येत जा," निर्मला म्हणाली. "तूही ये तिकडे," वसुधाताई म्हणाल्या. "तिथे खूप साड्या आहेत." हे खरं बोलावणं होतं की निरोपाचं बोलणं, ते निर्मलाला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

एक वाजता रिक्षा खाली येऊन थांबली. निर्मलाने कुलूप लावलं आणि सवयीने बॅगेकडे हात नेला. जड बॅग होती. तीन जिने होते. वन्संचे गुडघे होते.

वसुधाताईंनी तिच्याकडे पाहिलं. 

निर्मलाने हात मागे घेतला. वसुधाताईंनी बॅग उचलली आणि कठड्याला धरत एक एक पायरी उतरू लागल्या, प्रत्येक पायरीवर जरा थांबत. निर्मला त्यांच्या मागे रिकाम्या हातांनी उतरत होती. तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत तिला हजारदा वाटलं की पुढे व्हावं. ती झाली नाही. एवढं एक काम तिने वन्संसाठी शिल्लक ठेवलं.