कमळपक्ष्याचा फोटो

भावना मेश्रामच्या लेन्सला भंडाऱ्याच्या फोटोवाल्या मंडळींनी ‘नळकांडं’ असं नाव ठेवलं होतं. कॅमेरा नवाच होता, मिररलेस, ओंजळीत मावेल एवढा. त्याच्या तोंडाशी बसवलेली लेन्स मात्र तिच्याहून वयाने मोठी. तुमसरचे श्यामराव आपला स्टुडिओ बंद करत होते, तेव्हा ही तीनशे मिलिमीटरची लेन्स कपाटाच्या तळाशी पडून होती. त्यांनी एके काळी तिच्यातून कुस्तीच्या दंगली टिपलेल्या. “ने बाई,” ते म्हणाले, “मले आता हे धूड उचलत नाही.”

मध्ये अडॅप्टरची कडी घातली की ती नव्या कॅमेऱ्यावर चढत असे, पण कॅमेऱ्याला मात्र आपल्या तोंडाशी काही आहे हे कळत नसे. त्याला मेनूत जाऊन आधी सांगून ठेवावं लागे, की बाबा, लेन्स दिसली नाही तरी शटर सोड. हाताची थरथर सावरायला तीनशेचा आकडाही आपणच भरायचा. फोकस हाताने. लेन्सवरची कडी फिरवत राहायचं. जिथे चित्र नेमकं येईल तिथल्या कडांवर कॅमेरा लाल रेषा दाखवतो, मग बटण दाबून तेवढाच तुकडा मोठा करून पाहायचा. तोवर पक्षी उडून गेलेला असायचा. उडता पक्षी आपल्या वाट्याचा नाही, हे भावनाने मान्य करून टाकलं होतं. बसलेला, आपल्या कामात गुंतलेला, तिची दखलही न घेणारा पक्षी तेवढा तिचा.

ती मोहाडीच्या पोस्टात काउंटरला होती. आठवडाभर माणसांची तोंडं बघून झाली की रविवारी स्कूटी काढून करडीकडच्या एका तळ्यावर जायची. तळं शिंगाड्याच्या वेलांनी भरलेलं. ते वेल पंचफुला आणि तिचा दीर खेमराज यांनी लावलेले. पंचफुला पन्नाशीची, काळी, काटक, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तासन्‌तास वेल चाळणारी. पहिल्या दिवशी तिने भावनाला विचारलं होतं, “काय वो मॅडम, एवढी मोठी नळी लावून काय पाहून राहिल्या?” भावनाने तिला मागच्या पडद्यावर पाहू दिलं. पंचफुला वाकली, आणि पानांवर चालणारा लांब शेपटीचा कमळपक्षी एवढा मोठा पाहून तोंडाला हात लावून हसली.

त्या श्रावणात कमळपक्ष्याने तिथे घरटं केलं. घरटं म्हणजे काय, तरंगत्या पानांवर चार काड्या, आणि त्यावर तांबूस तुळतुळीत चार अंडी. मादी अंडी घालून निघून जाते; उबवतो तो नर. पंचफुलाला हे ठाऊक होतं. “बाईले फुरसत नाही त्याच्या,” ती म्हणायची, “सारा कारभार त्याच्याच माथी.” तेवढ्या भागातले वेल तिने चाळायचे सोडून दिले होते. खेमराजलाही तिने बजावलं होतं, डोंगा वल्हवत तिकडून न्यायचा नाही.

भावनाने पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, अंड्यांवर बसलेल्या नराचा एक फोटो काढला. लांबून काढलेला, अर्धा पक्षी पानांआड, पांढऱ्या पिसांच्या कडेला जुन्या काचेची जांभळी झाक. तो तिने फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. जागा लिहिली नाही.

संध्याकाळीच अंकुशचा फोन आला. अंकुश हा ग्रुपचा पुढारी. शाळाशाळांतून ‘पक्षी वाचवा’ म्हणून भाषणं द्यायचा, आणि आवाज असा की मास्तरांचेही डोळे भरून यायचे. भावनाला पक्ष्यांची नावं त्यानेच शिकवली होती. तिला तो मोठा वाटायचा.

“ताई, कुठचा आहे गं हा?”

“घरटं आहे, अंकुश. तूच सांगतोस ना, घरट्याची जागा कोणाले सांगायची नाही म्हणून.”

“अरे वा! चेली हुशार झाली,” तो हसला. “बरोबर आहे तुझं. नको सांगू.”

तिला बरं वाटलं. पण फोटोत शिंगाड्याची पानं दिसत होती, आणि शिंगाडा लावलेली तळी मोहाडीच्या बाजूला असतात किती? पुढच्या रविवारी ती पोचली तेव्हा पाळीवर एक मोठी गाडी उभी होती.

ती दुसऱ्या बाजूने आली होती, पळसाच्या झुडपांकडून. आवाज ऐकून थांबली आणि सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला. पलीकडच्या काठावर सहा माणसं चिखलात पालथी पडली होती, हिरव्या ठिपक्यांच्या कपड्यांत, समोर बोकडाच्या मांड्यांएवढ्या लेन्सा. नागपूरची असावीत, अंकुश सुटीच्या दिवशी अशांना पक्षी दाखवायला आणतो हे तिला माहीत होतं. पण अंकुश काठावर नव्हता. तो खेमराजच्या डोंग्यात होता.

भावनाने कडी फिरवली. लाल रेषा आधी पानांवर आल्या, मग डोंग्याच्या कडेवर, मग अंकुशच्या हातांवर. तिने बटण दाबून तुकडा मोठा केला. त्याने अंड्यांखालची पानं दोन्ही तळहातांवर धरून अख्खी उचलली होती, पूजेचं ताट धरावं तशी. खेमराज वल्हं मारत डोंगा काठाकडे नेत होता. मागे घरट्याच्या जागी पाणी उघडं पडलं होतं. आजूबाजूचे वेल कापून फेकलेले, म्हणजे फोटोत आड काही येऊ नये.

नर वेडापिसा झाला होता. डोंग्यापुढे पाण्यावर पडून, एक पंख मोडल्यासारखा पसरून, केविलवाणा ओरडत तो सरपटत होता. मला धरा, माझ्या मागे या, अंडी सोडा. पक्ष्याच्या जातीला येतं तेवढं सोंग तो जीव तोडून करत होता. आणि काठावरून कॅमेऱ्यांचा कडकडाट चालला होता, गरम तव्यावर लाह्या फुटाव्या तसा.

“पंख! पंखावर घ्या!” अंकुश ओरडत होता. “असा चान्स पुन्हा नाही!”

त्याने पानं काठापासून हातभर अंतरावर ठेवली. ठेवताना ती कलंडली. एक अंडं घरंगळलं आणि पाण्यात गेलं. अंकुशने खाली पाहिलं, क्षणभरच, आणि पँटला हात पुसला.

भावना झुडपाआड थुंकली. तरी तिचं बोट मघापासून शटर दाबतच होतं. तिने दाबलं, पुन्हा दाबलं. मग कॅमेरा गळ्यात टाकून ती पाळीवरून जवळजवळ धावतच निघाली.

तिच्याआधी पंचफुला पोचली. धानाच्या बांध्यांकडून येताना तिला खेमराजचा डोंगा दिसला होता. ती लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरली.

“काय करून राहिले रे तुम्ही? कोणं सांगतलं तुमाले हात लावाले?”

खेमराज चाचरला. “वहिनी, हे फारेस्टवाले आहेत. अंडे मोजाले आले म्हणे.”

“फारेस्टवाले?” भावना काठावर धापा टाकत उभी होती. “अंकुश, तू फॉरेस्टचा केव्हा झाला?”

चिखलातली माणसं उठून बसली. अंकुशचा चेहरा जराही उतरला नाही. तोच तिला सर्वांत असह्य वाटला. शाळेत पोरांसमोर असतो तसा मऊ, समजूतदार चेहरा.

“ताई, शांत हो. दोन मिनिटांचं काम आहे. लगेच ठेवून देतो जागच्या जागी. ह्या फोटोनं उद्या हजार लोकांले ह्या पक्ष्याबद्दल माया वाटंल. आपण सारे एकच काम करून राहिलो ना?”

“एक अंडं पाण्यात गेलं.”

“निसर्गात तसंही सारे जगत नाहीत.”

नागपूरच्यांतला एक जण मध्येच म्हणाला, “मॅडम, जरा बाजूला होता का? पक्षी तुमच्या मागे आहे.”

भावना त्याच्याकडे पाहत राहिली. त्याचा चेहरा सभ्य होता, चांगल्या घरचा. चष्म्यावर चिखलाचा थेंब होता आणि तो खरोखरच वाट पाहत होता, ती कधी हलते म्हणून.

हलवलं ते पंचफुलाने. खालच्या गाळात हात घालून तिने काळा, कुजका, घाण वासाचा गोळा वर काढला आणि त्या सभ्य माणसाच्या लेन्सच्या तोंडावर फेकून मारला. दुसरा गोळा अंकुशच्या छातीवर बसला. पुढचा कोणावर पडणार याची वाट न पाहता मंडळी गाडीकडे पळाली. अंकुश जाताना म्हणाला, “ताई, हे तुले शोभत नाही.”

दोघींनी मिळून ती पानं हलक्या हाताने परत नेली. खेमराज डोंगा धरून उभा होता, मान खाली. कापलेल्या जागी पानं तरंगत राहीनात, म्हणून पंचफुलाने दुसरीकडचे वेल ओढून आणून भोवती अडकवले. मग सगळे लांब पाळीवर जाऊन बसले. ऊन चढलं. नर बऱ्याच वेळाने आला, भोवती फिरला, अंड्यांकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि बसला. पंचफुलाने हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पोस्ट सुटल्यावर भावना गेली तेव्हा पानं रिकामी होती. कावळ्यांनी नेली, की सापाने, की त्यानेच आधी सोडून दिली होती, कोणी सांगावं. नर तळ्यात कुठेच नव्हता.

त्याच रात्री ग्रुपवर अंकुशचा फोटो आला. पसरलेला पंख, उघडी चोच, पाण्याचे तुषार मोत्यांसारखे, मागे सगळं धूसर हिरवं. खाली लिहिलं होतं: ‘बापाची माया’. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. कोणी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं दादा.

भावनाने आपलं कार्ड संगणकाला लावलं. अंकुशचे हात, हातांतली पानं, कलंडलेलं अंडं: सारं स्वच्छ आलं होतं. नखांतला चिखलसुद्धा दिसत होता. ती पुढे सरकली आणि थांबली. पुढे नराचे फोटो होते. मोडल्या पंखाचे, एकापाठोपाठ एक. ते तिनेच काढले होते. तिला आठवतही नव्हतं. पिसन्‌पीस लखलखीत. डोळ्यातला भीतीचा ठिपका नेमका. इतक्या वर्षांत या लेन्सने असा फोटो तिला कधी साधला नव्हता, आणि तो पाहताना पहिल्या क्षणी, अगदी पहिल्या क्षणी, तिच्या मनात आलं होतं: वा.

ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत आली तरी तो ‘वा’ जिभेवर तसाच होता, आंबलेल्या भातासारखा. तिने नराचे सगळे फोटो पुसून टाकले. हातांचे ठेवले.

त्यातला एक तिने अंकुशच्या फोटोखाली टाकला. शब्द एकही लिहिला नाही. मग कोणीतरी म्हणालं, घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नयेत. दुसऱ्याने लिहिलं, ताईंना नव्या लेन्सांचा हेवा दिसतो. थोड्या वेळाने तिला ग्रुपमधून काढलं गेलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती वनविभागाच्या कचेरीत गेली. सोबत पंचफुला होती, आणि खेमराज, स्वतःहून आलेला. साहेबांनी फोटो पाहिले, गुन्हा नोंदवून घेतला, जबाब घेतले. अंकुशला बोलावणं गेलं. त्याचा फोन पुन्हा आला. आवाज या वेळी मऊ नव्हता.

“ताई, काय मिळालं तुले? माझं नाव खराब करून?”

“अंडं पाण्यात पडलं तेव्हा तू पँटले हात पुसला,” ती म्हणाली. “मले तेच दिसते, अंकुश. जेवताना पण दिसते.”

“तू पण फोटोच काढत होती तेव्हा!”

“हो,” ती म्हणाली. “काढत होती.”

तिने फोन बंद केला.

शाळांनी त्याची भाषणं बंद केली. प्रकरण अजून चालू आहे. बालाघाटकडे तो आता नवीन मंडळी घेऊन जातो, असं कोणी सांगितलं. ते ऐकून भावनाला राग आला नाही, फक्त तोंड कडू झालं. ती तळ्यावर जाते अजून. शिंगाडे निघाले तेव्हा पंचफुलाने उकडून पानात बांधून दिले. पाळीवर बसून खाताना पंचफुलाने विचारलं, “मॅडम, येईल का वो तो पुढल्या साली?”

“त्याच्या जागी मी असती तर नसती आली,” भावना म्हणाली.

पंचफुलाने शिंगाड्याचं साल पाण्यात भिरकावलं. “तो काही माणूस नोहे,” ती म्हणाली, आणि दुसरा सोलायला घेतला.