बंद दारांपुढच्या पणत्या

“आक्काऽ, फुडच्या दिवाळीला ये गं! नक्की ये!”

एसटीच्या मागे धुरळ्यात पळत येणारा तो आवाज शालूबाईंच्या कानात घर करून बसला होता. एरवी वर्षभर तो गप्प असे. पण चाळीत चकलीची भाजणी दळून आली, घमघमाट सुटला, की कुठूनसा उठून यायचा. मग त्या हातातलं काम अधिकच जोरात करू लागायच्या.

कुपवाडच्या कारखान्यांमागे ती बैठी चाळ. लेथवर काम करणारा नवरा गेल्यापासून शालूबाई कामगारांचे डबे करून राहत होत्या. बाकी बिऱ्हाडं कुणी जतची, कुणी खानापूरची, कुणी वाईची. धनत्रयोदशीला कारखान्यांना सुट्टी लागली की चाळ गावोगाव पांगायची आणि किल्ल्या शालूबाईंच्या बटव्यात जमायच्या. दिवाळीत बंद दारापुढे अंधार असू नये, लक्ष्मी मागे फिरते आणि चोर पुढे येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज सकाळी त्या प्रत्येक उंबऱ्यापुढे सडा घालून रांगोळी काढत आणि तिन्हीसांजेला पणती लावत. बघणाऱ्याला वाटावं, घर नांदतंय.

यंदाही निघणाऱ्यांना त्या बजावत होत्या.

“दीपमाला, स्टँडवर मंगळसूत्रावर पदर घे. पिशवी फुडं धर, पाठीला न्हाई. आन् कुनी धक्का दिला तर त्याच्याकडं नगं, आपल्या पिशवीकडं बघायचं.”

“व्हय मावशी, लगीन झाल्यापास्नं ऐकतीया. आता झोपंतबी म्हणंन.” जतच्या दीपमालेनं हसत किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. “पर तुमी कवा जानार वो माहेरी?”

“मी गेले तर तुमची दारं कोन राखील?”

हे उत्तर इतकं घासूनपुसून तयार होतं, की त्याच्यामागे काही असेल असं कुणाला वाटतच नसे.

सगळी कुलपं एकाच बाजारातली, किल्ल्या सारख्याच दिसायच्या. चाळीतल्या प्रत्येक दारावर शालूबाईंनीच विणलेलं लोकरीचं तोरण होतं; कुणाचं हिरवं, कुणाचं डाळिंबी, कुणाचं हळदी. त्याच उरल्यासुरल्या लोकरीचा एकेक धागा त्यांनी ज्याच्या-त्याच्या किल्लीला बांधला होता. हिरवी किल्ली हिरव्या तोरणाच्या दाराची. स्वतःच्या युक्तीचं त्यांना मोठं कौतुक होतं.

पाडव्याच्या सकाळी कुणा पोरांनी फटाक्यांची माळ ओट्यावरच लावली आणि मांडून ठेवलेल्या पणत्या उडवल्या. शालूबाईंनी भरून ठेवलेली पाण्याची बादली ओतून ठिणग्या विझवल्या, पोरांना शिव्या घातल्या आणि नव्या पणत्या आणायला दुपारी त्या सांगलीला निघाल्या. बटवा कमरेला खोचला. घरी ठेवून जावा, तर जिवाला घोर.

मारुती रोडला पाय ठेवायला जागा नव्हती. भांड्यांच्या दुकानात खणखणाट, साड्यांच्या दुकानात बायकांची झुंबड. शालूबाईंनी वाटेत एका अनोळखी बाईलाही थांबवलं. “ताई, बाळाचा हात धरा. पर्स कसली सांभाळताय?” अर्जुना कुंभाराच्या टोपलीपाशी आल्यावर त्या उकिडव्या बसल्या. दरवर्षी त्या त्याच्याकडूनच घ्यायच्या आणि घेता-घेता तोरणांची, किल्ल्यांची युक्तीही ऐकवायच्या.

“आली का बंद दारांची मालकीन!” अर्जुना म्हणाला. “कुपवाडची समदी कुलपं खुशाल हायत न्हवं?”

“बोलू नगंस, पणत्या दाव. चीर पडलेली नगं.”

एकेक पणती उचलून, टिचकी मारून, तिचा आवाज ऐकून त्यांनी घेतली. बटव्यातून पैसे काढून दिले. पणत्या पदरात बांधल्या आणि गर्दीतून वाट काढत त्या बसपाशी आल्या. तिकिटासाठी कमरेला हात घातला, तर बटवा नव्हता.

बस निघून गेली. शालूबाई उलट पावली पळत गेल्या. अर्जुनाची जागा रिकामी होती. माल संपला म्हणून तो उठून गेला होता. शेजारचा फुलवाला म्हणाला, “बटवा? मावशी, आजच्या गर्दीत खिसं कापनाऱ्यांचीबी दिवाळी.”

कापला. कुणीतरी कापला. आणि आता त्यांना आपली युक्ती आठवली. ज्याच्या हातात त्या किल्ल्या पडल्या, त्याला फक्त लोकरीची तोरणं असलेली चाळ हुडकायची होती. कुठली किल्ली कुठल्या दाराची हे त्याला कुणाला विचारायचीही गरज नव्हती. ते सारं शालूबाईंनीच बांधून दिलं होतं.

कुपवाडपर्यंत त्या चालत आल्या. दीपमालेच्या घरात तिच्या नणंदेच्या लग्नाचे दागिने होते. विश्वासानं सांगितलं होतं तिनं. आल्या-आल्या त्यांनी गळ्यातल्या किल्लीनं आपलं दार उघडून स्टूल घेतलं आणि एकेका दारावरचं तोरण उतरवलं. हिरवं डाळिंबीच्या जागी, डाळिंबी हळदीच्या जागी. निदान चोराला पटकन उमगू नये. पण किल्ल्या फिरवून बघायला त्याला असा कितीसा वेळ लागणार? रात्रभर एकटी बाई सगळ्या चाळीपुढे कशी उभी राहणार?

एकच माणूस होता बोलावण्यासारखा. नाक्यावरच्या सयाजीच्या दुकानात फोन होता. दर दिवाळीला कवठे महांकाळहून तिथं आकारामचा, धाकट्या भावाचा, फोन यायचा. दर दिवाळीला शालूबाई ‘जमायचं न्हाई रं’ म्हणून ठेवून द्यायच्या.

“तुमच्या भावाला लावू?” सयाजीला नवल वाटलं. “आवं, आपल्याकडनं कवा लावलाच न्हाई तुमी.”

“लाव बाबा.”

तिकडे गावच्या पिठाच्या गिरणीत फोन वाजला, कुणीतरी आकारामला बोलावून आणलं.  शालूबाईंना सगळं सांगायचं होतं, पण एवढंच आलं, “आकाराम, समद्या दारांच्या किल्ल्या गेल्या. मी एकटी हाय. ये.”

दिवेलागणीला एम-एटीचा आवाज आला. डोक्याचे केस बरेच पिकलेला आकाराम गाडीवरून उतरला आणि त्यानं मागचं पोतं ओट्यावर रिकामं केलं. खळ्ळकन् आवाज झाला. दावणीच्या साखळ्या होत्या. गोठ्यातल्या, शेणामातीचा वास असलेल्या. आणि गावभर फिरून गोळा केलेली कुलपं.

“आन् गुरं रं?”

“दाव्याला हायत. एक दिस दोरीनं मरत न्हाईत ती.”

त्यानं प्रत्येक कडीत साखळी ओवली, कुलूप ठोकलं. शालूबाई मागोमाग पणत्या लावत गेल्या. शेवटच्या दारापाशी तो जरा थांबला. “आक्का, बंद दारापुढं इतकी निगुतीनं रांगोळी?” शालूबाई पणतीपाशी वाकल्या. वात सारखी करता-करता कधी गुणगुणल्या, त्यांनाही कळलं नाही:

माहेराची वाट माझ्या पायाला गं मऊ
वळणाच्या बोरीखाली उभा माझा भाऊ

“आईची ओवी,” आकाराम म्हणाला.  रात्री तो ओट्यावर काठी घेऊन निजला, त्या दाराआड जाग्या राहिल्या.

चोर आला नाही. सकाळी सायकलवरून अर्जुना कुंभार आला.

“लोकरीची तोरणं इचारत-इचारत आलो!” त्याच्या हातात बटवा होता. “माज्या टोपलीतल्या पेंढ्यात ठिऊन गेला व्हता तुमी. पैसं देताना ठिवला आन् पणतीला टिचक्या मारत बसला. ह्यो घ्या. हिरवी किल्ली हिरव्या दाराची न्हवं?”

“न्हाई रं बाबा,” शालूबाई हसू लागल्या. हसता-हसता डोळे पुसू लागल्या. “समदी तोरणं चुकीच्या दारावर हायत.”

अर्जुनाला लाडू-चिवडा बांधून दिला. तो गेल्यावर आकारामनं साखळ्या सोडल्या, पोत्यात भरल्या.

“मग निगतो मी, आक्का. धारांचा वकुत झालाय.”

“थांब.” पोत्यावर त्यांनी हात ठेवला. “आज बीज हाय.”

तो थांबला.

“तुजं दाजी गेल्यावरची पयली बीज. मी ताट घिऊन उभी व्हते. काकीनं ताट हातातनं काढून घेतलं. म्हनली, हिनं नगं, धाकट्या भनीला ववाळू दे. आन् तू पाटावर मान खाली घालून बसला व्हतास. मागनं गाडीमागं पळालास, ये म्हनलास. पर तवा पाटावरनं का उठला न्हाईस, आकाराम?”

पोत्यातली साखळी हलकेच वाजली.

“भ्यालो व्हतो,” तो म्हणाला. “समद्यांम्होरं बोलायला भ्यालो. धाकटीनं ववाळलं, पर आक्का, ते मला लागलंच न्हाई कवा.”

मग तो स्वतःच आत गेला. भिंतीला टेकवलेला पाट त्यानं घेतला आणि घरात नाही, बाहेर ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून मांडला. टोपी नीट केली आणि बसला. येणारे-जाणारे बघत होते. शालूबाईंनी कालच्या पणत्यांमधली एक उचलली, तेल घातलं, ताटात ठेवली. कुंकवाचं बोट भावाच्या कपाळाला टेकलं आणि टिळा सरळ आला.

ओवाळून झाल्यावर आकाराम वाकून पाया पडला. मान वर न करताच म्हणाला, “फुडच्या साली येशील? का दारं राखायची हायत?”

शालूबाईंनी ताट खाली ठेवलं. चाळीतली सगळी दारं उन्हात उभी होती, चुकीच्या रंगांची तोरणं लेवून.

“मला दर साली यायचं व्हतं रं,” त्या म्हणाल्या.