घड्याळातली अकरा मिनिटं

दादाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक पोटमाळा होता आणि त्या पोटमाळ्यावर त्याची बहीण काम करत बसायची. तिला सगळे फाइलवाली म्हणत. धावणारे, पोहणारे, सायकलवर रानोमाळ भटकणारे लोक मनगटावर घड्याळं बांधतात ना, कुठून कुठे गेलो, किती चढलो, छातीचे ठोके किती पडले हे क्षणाक्षणाला टिपून ठेवणारी? त्या घड्याळांतल्या बिघडलेल्या फाइली ती दुरुस्त करून द्यायची. एरवी काम शांततेचं. कुणाची शर्यतीची फाइल उघडतच नाही, कुणाची नकाशावरची रेघ मध्येच समुद्रात बुडी मारून परत रस्त्यावर येते. चाळीस किलोमीटर धावल्याचा पुरावाच गेला म्हणून चांगले धडधाकट बाप्ये तिच्यासमोर रडवेले होऊन बसत आणि दादा खालून ओरडायचा, "अहो, पण धावलात ते पायांना तरी आठवतंय ना?"

त्या दिवशी दुपारी पावणेतीनला मात्र लाकडी जिना असा धडधडला की तिच्या कपातला चहा हिंदकळला. वर आली ती तिशीतली एक बाई. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर सोललेलं, अंगात नुसता पातळ टीशर्ट आणि थंडीने दात वाजतायत. तिने मनगटावरचं घड्याळ ओरबाडून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"फाइलवाल्या तुम्हीच ना? शोधपथकाच्या प्रमुखांनी पाठवलंय. ह्यात माझी जाऊ आहे."

"ह्यात?"

"म्हणजे ती कुठे आहे ते ह्यात आहे!"

दादा मागोमाग वर आला होता. त्याने काही न विचारता आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला. मग तिने भडाभडा सांगितलं. त्या दोघी जावा. ही धाकटी. घरची माणसं हसत असतानाही दोघींनी डोंगरी शर्यतीत नाव घातलं होतं आणि सरावाला पहाटेच डोंगरावर गेल्या होत्या. वर धुकं असं उतरलं की हाताची बोटं दिसेनात. त्यात थोरलीचा पाय एका घळीच्या काठावरून निसटला, ती खाली दगडात जाऊन पडली आणि पायाचं हाड मोडलं. फोन एकच होता, तोही थोरलीच्या खिशात चक्काचूर. धाकटीने आपलं जाड जाकीट तिच्या अंगावर घातलं आणि मदत आणायला खाली धाव घेतली.

"तासभर नुसती उतरत होते हो. पाण्याच्या आवाजामागे. रस्त्यावर आले तेव्हा एका ट्रकवाल्याने पायथ्याला सोडलं. पण कुठून उतरले? शपथेवर सांगते, मला नाही सांगता येत. पथकवाले म्हणतात त्या अंगाला नऊ घळी आहेत!"

"आणि अंधार सहाला," दादा हळूच म्हणाला.

फाइलवालीने घड्याळाला वायर लावली. बॅटरी पार संपलेली. तीन मिनिटांनी पडदा लुकलुकला, सकाळची फाइल यादीत दिसली आणि उघडायला गेल्याबरोबर संगणकाने तोंडावर सांगून टाकलं: फाइल रिकामी आहे.

धाकटी मटकन खाली बसली.

"उठा," फाइलवाली म्हणाली. "रिकामी नाहीये. रिकाम्या फाइलीचं वजन एवढं नसतं."

तिला हे दुखणं ओळखीचं होतं. फाइलच्या अगदी सुरुवातीला 'आत मजकूर इतका आहे' असा एक आकडा असतो. घड्याळ तो भरतं शेवटी, थांबायचं बटण दाबल्यावर. इथे बटण दाबायच्या आधीच बॅटरीने मान टाकली होती, म्हणून तिथे शून्य राहिलं होतं आणि संगणक त्या शून्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. तिने फाइलची प्रत काढली, मूळ फाइल बाजूला जपून ठेवली आणि प्रतीतल्या शून्याच्या जागी खरा आकडा लिहिला. मग श्वास रोखून बटण दाबलं.

नकाशावर निळी रेघ उमटली! पायथ्यापासून निघाली, वळणं घेत वर चढली, पहिली घळ, दुसरी घळ ओलांडली, तिसरीच्या काठावर गेली आणि तिथे तिचा गुंता झाला. एकाच जागी ठिपक्यांवर ठिपके. चार मिनिटं. पुढे रेघ थोडी सरकली आणि तुटली.

"थांबलेल्या दिसताय इथे!" फाइलवालीचा आवाज चढला. "आधी कुठे थांबला होतात?"

"नाही, कुठेच नाही! हेच! इथेच!" धाकटी किंचाळलीच.

फाइलवालीचा हात आपोआप फोनकडे गेला. तिने पथकप्रमुखांना अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. पलीकडून "निघालो" एवढंच आलं. घड्याळात तीन वीस. दादाने आनंदाने कठड्यावर थाप मारली, धाकटी रडायला लागली आणि फाइलवालीला आपल्याला पंख फुटल्यासारखं वाटलं. पाच वर्षांत एवढी मोलाची रेघ तिने काढली नव्हती.

दादा चहा आणायला खाली गेला. ती पडद्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचा आनंद ओसरू लागला. फाइल एवढी मोठी आणि रेघ एवढीशी? निम्म्याहून जास्त फाइल तर अजून वाचलीच गेली नव्हती.

"तुमची जाऊ पडली त्यानंतर तुम्ही उतरलात ना?" तिने विचारलं. "मग उतरल्याची रेघ कुठाय?"



फाइलवालीने नकाशा बाजूला केला आणि फाइलीतले कच्चे आकडे उघडले. पडदाभर नुसत्या अंकाक्षरांच्या रांगा. आपल्याला ते बघून गरगरेल, पण तिला त्यातली लय दिसायची. दर क्षणाची एक नोंद, प्रत्येक नोंदीच्या आरंभी तीच खूण, खुणेपुढे वेळ आणि ती वेळ एकेका सेकंदाने पुढे सरकणारी. जिथे रेघ तुटली तिथे ही लय मोडली होती. बॅटरी आचके देत असताना घड्याळ लिहिता लिहिता अडखळलं होतं आणि मधला एक तुकडा नुसता कचरा झाला होता. त्या कचऱ्याला ठेच लागून संगणक तिथेच थांबला होता. पण कचऱ्याच्या पलीकडे?

पुढच्या क्षणाची वेळ आकड्यांत कशी दिसेल ते तिने कागदावर मांडलं आणि शोधायला लावलं. सापडेना. त्यापुढचा क्षण. सापडेना. दहा सेकंद पुढचा, वीस, चाळीस... आणि एकावन्नाव्या सेकंदाला पडद्यावर एक ओळ उजळली. खूण, वेळ, जागा, उंची, ठोके. तिच्या खाली पुढचा सेकंद. त्याच्या खाली त्याच्या पुढचा. माळेतले मणी ओघळावेत तशा नोंदी खाली खाली धावत होत्या!

"आहे!" ती एवढ्या जोरात ओरडली की दादा चहाचे कप घेऊन धावतच वर आला. "सगळं आहे! एकावन्न सेकंदच गेलेत!"

तिने कचरा कापला, दोन्ही टोकं जोडली. मध्ये स्वतःच्या मनाने एकही ठिपका घातला नाही. रेघ पुन्हा उघडली तेव्हा ती तिसरी घळ सोडून पुढे गेली होती. चौथी ओलांडली. पाचव्या घळीत एकदम खाली उतरली आणि तिथे थांबली. अकरा मिनिटं. मग तिथून जी सुटली ती थेट खाली, सुसाट.



"म्हणजे मग... तिसऱ्या घळीत आम्ही काय करत होतो?" धाकटीने कपाळाला हात लावला. "अगं बाई! नाडी! जाऊबाईंच्या बुटाची नाडी तुटली होती. गाठ मारत बसल्या होत्या, मी त्यांना हसत होते. हे कसं विसरले मी!"

 माणसं तिसऱ्या घळीकडे निघाली होती. तिच्या सांगण्यावरून. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. पण आता घाई करायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं. आधी तिसऱ्या घळीतले ठोके पाहिले: एकशे चाळीसवरून हळूहळू शंभरावर. बसून दम खाणारं माणूस. मग पाचवीतले पाहिले: एकशे बारा आणि दोन मिनिटांत एकशे त्र्याहत्तर, तेही एका जागी उभं राहून. घड्याळाने टिपलेली उंची नकाशावरच्या उंचीशी ताडून बघितली. फक्त सहा मीटरचा फरक, म्हणजे जागा बरोबर. मग तिने फोन उचलला.

"साहेब, माणसं परत फिरवा. पाचवी घळ."

"बाई," पथकप्रमुखांचा आवाज धापा टाकत होता, "सहाजण अर्धा चढ चढलोय आम्ही. आत्ता म्हणताय पाचवी?"

"हो. माझं चुकलं. फाइल पुरती वाचायच्या आधी मी फोन केला. तिसऱ्या घळीत त्या नुसत्या बसल्या होत्या, ठोके उतरत गेलेत. पाचवीत एका जागी अकरा मिनिटं आहेत आणि ठोके एकशे त्र्याहत्तर. त्या बाई तिथे विश्रांती घेत नव्हत्या, साहेब."

"खात्री आहे? पुन्हा फिरायला उजेड उरणार नाही."

दादा जिन्यावर कप हातात धरून तसाच उभा होता. धाकटीने तिचा दंड घट्ट पकडला होता.

"आहे," फाइलवाली म्हणाली. "लिहून घ्या." आणि तिने एकेक आकडा दोनदा वाचला.

पलीकडून ते आकडे तसेच परत वाचले गेले. मग मोठ्याने, तिला नव्हे, इतरांना: "दोर उचला! आडवं चला! पाचवी!"

पुढचा तास तिघांनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच माहीत. दादाने खाली एकाच सायकलची साखळी तीनदा काढली आणि तीनदा चढवली. धाकटी खिडकीशी जाई, परत येई. फाइलवाली रेघ पुन्हा पुन्हा तपासत होती, कुठे चुकले तर नाही, कुठे चुकले तर नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"सापडल्या!" पथकप्रमुख ओरडत होते, मागे सगळे एकदम बोलत होते. "तुम्ही सांगितलेल्या जागेपासून वीस पावलांवर! शुद्धीवर आहेत. पहिलं विचारलं धाकटी सुखरूप पोचली का. दुसरं विचारलं बिस्किटं आहेत का!"

धाकटीने फाइलवालीला अशी मिठी मारली की दोघी खुर्चीसकट कलंडल्या. दादा खाली जाऊन दुकानातल्या झाडून सगळ्या सायकलींच्या घंट्या वाजवत सुटला आणि रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. फाइलवालीला हसू आवरेना. पुढे आठवडाभर दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "बुटाच्या नाडीने फसवलं, पण हाताच्या नाडीने वाचवलं!"

आठव्या दिवशी ती रेघ मोठ्या कागदावर छापून फाइलवाली इस्पितळात गेली. थोरली पायाला प्लास्टर घालून उशांवर टेकली होती, धाकटी शेजारी सफरचंद चिरत होती. थोरलीने कागद मांडीवर पसरला, घळी एकेक करून बोटाने ओलांडल्या आणि पाचवीत येऊन थांबली. तिथे शेजारी बारीक अक्षरांत ठोके छापले होते. तिने ते चष्मा लावून वाचले.

"एकशे त्र्याहत्तर?" तिने धाकटीकडे पाहिलं. "मला तर म्हणत होतीस, काही झालं नाही, जरासं मुरगळलंय. एवढी घाबरली होतीस?"

"छे," धाकटी सफरचंदातून मान वर न काढता म्हणाली. "माझ्या बुटात खडा गेला होता."

थोरली हसता हसता कळवळली. मग तिने कागदाची नीट घडी घातली, उशीखाली ठेवली आणि फाइलवालीला म्हणाली, "बसा हो, उभ्या का? किती किलोमीटर झाले ते तर तुम्ही सांगितलंच नाही."