शिंपीकाकांचा जड खिसा

मित्रांनो, माझा काटा बघून खूश झालेली माणसं मी पाहिली आहेत, पण त्याला फार वर्षं झाली. मी रुग्णालयातला एक जुना वजनकाटा आहे. कारखान्यातून आलो तेव्हा मला लहान मुलांच्या विभागात ठेवलं होतं. काटा जरा पुढे सरकला, की आया हरखून म्हणत, "बाळसं धरलंय हो!" श्रेय दुधाचं, पण थोपटत मला. पुढे तिथे नवं यंत्र आलं आणि माझी बदली कर्करोग विभागात झाली. इथे कोणी थोपटत नाही. लोक श्वास रोखून चढतात, जणू हवेनं वजन वाढतं.

त्यांतच एक शिंपीकाका येत. आजारानं ते आतून झिजत चालले होते. पँट कमरेत पुन्हा पुन्हा आत घेत, तीही अशा सफाईनं की काकूंना पत्ता लागू नये. पण मी चुगली करायचो. काटा मागे आला, की घरी काकू ताटाशी ठाण मांडून बसत. "दोन घास. माझ्यासाठी." काकांच्या पोटात अन्न ठरत नसे आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी.

डॉक्टरांना वजनाबरोबर काकांचं जगणं कसं चाललंय, तेही मोजायचं होतं. ते काम सिस्टरकडे.

"काका, जेवणावरून घरात ताण होतो का?"

"ताण कसला?" काकू म्हणत. "मी फक्त खा म्हणते."

"काकू, मी काकांना विचारतेय."

"त्यांचंही तेच म्हणणं आहे."

काका मान डोलावत. ताण नाही, अशी नोंद होई.

मग अचानक काकांचं वजन टिकू लागलं. काकूंनी मला चक्क नमस्कार केला. औषधाची मात्रा वजनावर ठरे; वजन टिकलंय म्हणून डॉक्टरांनी तीही कमी केली नाही. काकांना ती सोसेना. तोंड आलं, हात थरथरू लागले. एके दिवशी ते भिंतीला धरून माझ्यावर चढले आणि त्यांच्या कोटाचा खिसा फाटला. जन्मभर लोकांचे खिसे शिवले, स्वतःचा उसवला. मोठी कात्री आणि कापडावर ठेवायची लोखंडी वजनं खणखणत फरशीवर पडली. माझा काटा झर्रकन मागे आला.

"अहो, ही कात्री मी घरभर शोधतेय!" काकू म्हणाल्या. मग त्यांनी काट्याकडे पाहिलं.

"वजन टिकलं, की तू रडत नाहीस," काका म्हणाले.

म्हणजे इतके दिवस डॉक्टर लोखंडालाही औषध देत होते. त्यांनी मात्रा उतरवली आणि काकूंना समजावलं, "भूक नसणं हा त्यांचा हट्ट नाही. हा आजारच असा आहे. नुसतं भरवून झीज थांबत नाही." काकू बाहेर जाऊन बसल्या. सिस्टरनी काकांना खुर्ची दिली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि तुम्हाला काय हवंय, तेही.

"काजं करता येतील इतका हात स्थिर हवा," काका म्हणाले. "आणि जेवताना माझ्या घासाकडे कोणी बघू नये. बस."

पुढच्या खेपेला काका रिकाम्या खिशांनी चढले. काकू माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"काल कॉलर कुणाची वाढवलीत?"

"तुझ्या भावाची. मानेचा घेर वाढलाय त्याचा."

काकू हसल्या. माझा काटा आणखी मागे आला होता. त्या वळल्या नाहीत.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या, मी किलो चोख सांगेन. पण घास किती जड झालाय, ते मला कळत नाही. ते त्या माणसालाच विचारा, त्याला बसवून. आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.